गरम दाणा

"वाकटी," नलू म्हणाली आणि हातातली पांढरी बॉडी तिनं लाल क्रेटमध्ये ठेवली.

"और एक?" मशीनच्या मागून रामकिसननं विचारलं.

"एक काय रे, जाळं भरून आलंय तुझं. बाजारात पाटी मांडून बस आता."

टेबलावरच्या बायका हसल्या. रामकिसन हसला नाही. त्यानं कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि मशीनचं दार पुन्हा ओढून घेतलं.

मिक्सरची बॉडी ती. मोटर जिच्या पोटात बसते ती, घराघरातल्या ओट्यावर मिरवणारी, दुधासारखी पांढरी. साच्यातून निघाली की तिचा देठ कापायचा, कडा हातानं चाचपायच्या आणि ट्यूबलाइटखाली तिला एकदा सावकाश फिरवायची. सरळ धरली तर काही दिसत नाही. मनगट जरासं कलतं केलं, की देठाच्या जागेपासून कडेपर्यंत एक चंदेरी रेघ सळकन पळते. पाण्यात वाकटी मासळी कूस बदलते तशी. पुन्हा सरळ केली, की नाहीशी.

सुपरवायझर अण्णांच्या रजिस्टरात या रेघेचं नाव इंग्रजीत होतं. टेबलावर ते कधी रुळलं नाही. नऊ वर्षांपूर्वी नलू नवापूरहून इथं कामाला आली, तेव्हा ते शब्द तिच्या जिभेवर बसेनात. मग तिनं आपलीच नावं ठेवली. चंदेरी रेघ ती वाकटी. जाड जागी प्लास्टिक आत ओढलं जातं ती खळी. दोन बाजूंनी आलेला रस जिथं मिळतो तिथली बारीक रेघ म्हणजे भांग. काळा ठिपका तो तीळ. कारखान्यात हीच नावं चालू झाली. जौनपूरचा रामकिसन, ज्यानं बोईसरला येईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, तोही आता "मौसी, आज भांग कितना?" असं विचारायचा. अण्णा तेवढे तिच्या तोंडून ऐकून रजिस्टरात इंग्रजी करून लिहायचे.

नलूला हे काम आवडायचं. भाद्रपदात होड्या समुद्रात गेलेल्या, नवरा कमलाकांत चार-चार दिवस पाण्यावर. घर आवरून ती सकाळच्या टेम्पोनं एमआयडीसीत यायची. गेटपाशी केमिकलचा आंबूस वास नाकात शिरायचा, तिकडं लक्ष न देता ती टेबलाशी बसायची. खिडकीजवळची खुर्ची तिची. समोरून एकेक पांढरी बॉडी यायची आणि नलू हातानं काम करता करता ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवायची.

साच्याच्या गं पोटी, लेक जन्मली पांढरी
हिला पारखून धाडू, बाई परक्याच्या घरी

शेजारची पुष्पलता म्हणायची, "नलूबाय, तुजी लेक आज लई नखरेल हाय, बघ कशी चमकते." मग ती लेक लाल क्रेटमध्ये जायची.

पण गेले वीस दिवस खराब मालाचे लाल क्रेट भरत होते आणि चांगल्या मालाचे निळे रिकामे राहत होते. हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नव्हती. साचा कारखान्याचा नव्हता. तो मिक्सर कंपनीचा होता. त्यांनी तो इथं काम करायला दिला होता आणि वाटेल तेव्हा उचलून न्यायची त्यांना मुभा होती. दोन पत्रं येऊन गेली होती. शुक्रवारी त्यांच्या तपासणीच्या उषा मॅडम स्वतः येणार होत्या. माल असाच निघाला तर येताना आणलेल्या टेम्पोतच साचा घालून त्या दमणच्या एका कारखान्याला देणार होत्या. साचा गेला की तीन नंबरचं मशीन बंद. मशीन बंद झालं की हे टेबल बंद. टेबलावर चार बायका होत्या.

"डाय म्हंजे पावनी असते," अण्णा साच्याबद्दल म्हणाले होते. "तिची नीट सरबराई झाली नाय, की ती दुसऱ्याच्या घरी जाते."

अण्णा वाणगावचे. मोल्डिंगमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, पण या रेघेनं त्यांना टेकीला आणलं होतं. त्यांनी तापमान उतरवून पाहिलं, चढवून पाहिलं. नोझल काढून साफ केलं. साच्याचं तोंड पॉलिश करून घेतलं. प्लास्टिकच्या दाण्याच्या गोणी बदलल्या. रामकिसननं मशीनला उदबत्ती लावली आणि लिंबू बांधलं. लिंबू वितळलेल्या प्लास्टिकच्या धगीनं दोन दिवसांत सुकून काळं पडलं. रेघ गेली नाही.

आणि नवल म्हणजे रात्रपाळीला रेघ नव्हती. तेच मशीन, तोच साचा, तोच दाणा. रात्रपाळीचा एकनाथ सकाळी निळे क्रेट रचून, केसाला पाणी लावून, ऐटीत घरी जायचा.

"भूत रात्री येतंय असं ऐकलं होतं," अण्णा म्हणाले. "आमचं दिवसपाळीला येतंय."

"व्होल्टेज अण्णा," रामकिसन म्हणाला. "दिन में सब कंपनी चालू. व्होल्टेज गिरता है."

अण्णांनी व्होल्टेज मोजायला माणूस आणला. व्होल्टेज बरोबर होतं.

बुधवारी दहाच्या सुमाराला नलूचा हात थांबला.

तिनं एक बॉडी फिरवली. कोरी. दुसरी घेतली. कोरी. तिसरी तिनं खिडकीच्या उजेडात धरली, उलटी धरली, कलती धरली. वाकटी नाही. एकेक करून तिनं त्या वेगळ्या रांगेत मांडल्या. सतरा निघाल्या. अठरावी घेतली आणि मनगट वळवताच चंदेरी रेघ पुन्हा पळाली.

सतरा का? नलू हिशेब करत बसली नाही, पण तिच्या डोळ्यांना एक सवय होती. किती दाण्यात किती बॉड्या निघतात हे तिला बघून बघून ठाऊक झालं होतं. सतरा म्हणजे भट्टीतला एक ट्रे.

ती उठून भट्टीपाशी गेली.

भट्टी म्हणजे लोखंडी कपाट. या पांढऱ्या दाण्याला दमट हवा चालत नाही, म्हणून मशीनमध्ये घालायच्या आधी त्याला ट्रेमध्ये पसरून तीन तास भाजल्यागत तापवायचं. ते काम बायडीचं. बायडी बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरची, दोन लेकरांची आई, श्रावणाच्या अखेरीस कामाला लागलेली. बोलायची थोडं, करायची चोख. आत्ताही ती मागच्या शटरपाशी उकिडवी बसून होती. समोर स्वच्छ धुतलेल्या गोणपाटावर दाणा पसरला होता आणि ती बोटांनी तो हळूहळू परतत होती.

"बायडे," नलू म्हणाली, "मगाशी नऊच्या पुढं काय झालं गो?"

बायडीचा हात थांबला. "काय नाय."

"मी कुनाला सांगत नाय. काय झालं?"

"मशीन रिकामा झाला. रामकिसनभाईनं बोंब मारली. मंग एक ट्रे तसाच वतला." ती खाली बघत म्हणाली. "गरम. गार नाय केला. चुकला का, नलूबाय?"

नलूनं गोणपाटावरचा दाणा मुठीत घेऊन पाहिला. गार होता.

श्रावणातला तो दिवस तिला आठवला. बायडीचा दुसराच दिवस होता. तापलेल्या ट्रेची कड लागून तिची दोन्ही मनगटं लाल झाली होती. नलूनं स्वतः तिला नळाखाली धरलं, खोबरेल लावलं आणि मायेनं सांगितलं, "एवढं गरम कशाला उचलतेस? गोनपाटावर पसर, वाऱ्यावर गार होऊं दे, मंग भर. गरम भरलंस तर आत घाम धरतो."

चूक बोलली नव्हती ती. तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं, आईच्या आईनंही. खळ्यावर वाळलेला जवळा, ती बारीक कोलंबी, उन्हातून उचलून तसाच गरम डब्यात भरला, की रातोरात त्याला घाम सुटतो, चार दिवसांत बुरशी येते आणि सबंध पावसाळ्याची बेगमी जाते. म्हणून सावलीत पसरायचा, हातानं परतायचा, हाताला गार लागला की मग डबा. नवापूरच्या घराघरात पोरीबाळींना हे ठाऊक. पांढरा दाणा ट्रेत पसरलेला बघून नलूला जवळाच आठवला होता.

पण दाणा जवळा नव्हता. भट्टीनं त्याच्यातली ओल काढायची आणि शटरपाशी येणाऱ्या भाद्रपदातल्या खाऱ्या, दमट वाऱ्यानं ती पुन्हा पाजायची. दोन तास. हातानं परतून परतून. रात्री एकनाथ आळशी. तो भट्टीतून काढायचा आणि धडाधड ओतायचा.

वीस दिवस लाल क्रेट भरत होते ते यामुळे. अण्णा नोझल खोलून बसत होते, रामकिसन लिंबू बांधत होता आणि नलू ट्यूबलाइटखाली मोठ्या तोऱ्यात म्हणत होती, वाकटी, वाकटी.

"नलूबाय?"

"अं?"

"चुकला का?"

"नाय," नलू म्हणाली. "उद्यापासून गरमच वतायचा. हाताला फडकी गुंडाळ. मी आनून देते."

"पन तूच सांगलेलास का गार..."

"सांगितलं होतं. आता हे सांगते."

बायडीनं तिच्याकडं बघितलं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं गोणपाटाची चार टोकं उचलली आणि दाणा गोळा केला.

संध्याकाळी कमलाकांत घरी होता. ओट्यावर बसून तो जाळ्याची तुटकी भोकं विणत होता. नलूनं चहा आणला आणि काही न बोलता शेजारी बसली.

"काय गो, तोंडाला कुलूप?"

"तुमी कदी होडी खडकावर घातलीत?"

"घातली एकदा. लग्नाआधी." तो सुई दातात धरून हसला. "बाबा ओरडत होते, डावीकडं ठेव, डावीकडं ठेव. मला वाटलं माझं डावं."

"मंग?"

"मंग काय. ओहोटी होती. सारा गाव किनाऱ्यावर. पानी येईपर्यंत खडकावर बसून बिड्या ओढल्या. तुझा बाप पन होता बघायला. तरी पोरगी दिली."

नलूला हसू आलं. मग ती म्हणाली, "माझी बी खडकावर लागली. पन पानी भरपूर हाय. कुनाला दिसली नाय."

"आता सुटली?"

"सुटली."

"मंग बोंब कशाला मारतेस," कमलाकांत म्हणाला. "चहा गार होतोय."

तिला ते पटलं. चूक झाली होती, ती सुधारली होती. शुक्रवारी कोऱ्या बॉड्या निघतील, मॅडम खूश होऊन जातील, टेबल राहील. आणखी काय हवं? तिनं जुन्या गोधडीचा एक कोपरा फाडला, बायडीच्या मनगटांसाठी दोन जाड पट्ट्या शिवल्या आणि सुखानं झोपली.

गुरुवारी दिवसभर एकही वाकटी नाही. दुपारपर्यंत अण्णा चार वेळा टेबलापाशी येऊन गेले. पाचव्या वेळी त्यांनी येऊन पुष्पलतेला चिवड्याची पुडी दिली आणि म्हणाले, "वाटून खा गो. गेली बया."

"किसने भगाया?" रामकिसननं छाती काढून विचारलं. काल संध्याकाळी त्यानं तापमान पाच अंशांनी उतरवलं होतं.

"तूच रे राजा," नलू म्हणाली. तिनं नजर बॉडीवरून काढली नाही.

शुक्रवारी साडेनऊला गेटशी जीप थांबली. तिच्या मागं रिकामा टेम्पो. तो बघून टेबलावरच्या बायकांची बोलणी आपोआप बंद झाली.

उषा मॅडम तिशीच्या आतल्या असतील. चष्मा, साधी सुती साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेलं भिंग. पिशवीतून त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळलेली नमुन्याची बॉडी काढली आणि नलूच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"तुम्ही बघा, मी पण बघते," त्या म्हणाल्या.

पन्नास बॉड्या त्यांनी पाहिल्या. भिंग लावून, खिडकीशी नेऊन, ट्यूबखाली. नलूनं पाहिलं, त्यांचं मनगटही तिच्यासारखंच वळत होतं. पन्नासच्या पन्नास कोऱ्या.

अण्णांनी दम सोडला. "चहा सांगतो मॅडम."

"थांबा." मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "मंगळवारी तुमच्या दिवसपाळीच्या रजिस्टरात शंभरात सत्तर खराब होत्या. आज एकही नाही. काय बदललं?"

"टेंपरेचर, मॅडम," रामकिसन पुढं आला. "पाच डिग्री कम किया."

"छान. मग पाच डिग्री पुन्हा वाढवा."

"जी?"

"वाढवा. कारण तेच असेल तर रेघ परत येईल. मला ती बघायची आहे."

तापमान वाढवलं. अर्धा तास मशीन चाललं. एकेक बॉडी बाहेर येत होती आणि प्रत्येक बॉडी कोरी होती. जन्मात पहिल्यांदाच चांगला माल निघताना अण्णांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे कारण हे नाही," उषा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अण्णा, आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो. दिवाळीला आमचे दहा हजार मिक्सर बाजारात जायचेत. कारण कळत नसेल तर मी साचा इथं ठेवू शकत नाही."

"मॅडम, आजचा माल तर..."

"आजचा माल चांगला आहे. तो मी घेऊन जाते. साचाही."

अण्णांनी सगळ्यांकडं पाहिलं. "कुनी काय वेगळं केलंय का? बायडे, तू? भट्टीचं काय बदललंस?"

बायडी भट्टीपाशी उभी होती. मनगटांवर गोधडीच्या पट्ट्या बांधलेल्या. तिनं एकदा नलूकडं पाहिलं. निमिषभरच. मग खाली मान घालून ती म्हणाली, "काय नाय. मी काय नाय केला."

बाहेर टेम्पोवाल्यानं फळी पाडल्याचा आवाज आला.

नलूनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. उठताना तिच्या खुर्चीचा पाय फरशीवर करकरला.

"मॅडम," ती म्हणाली, "दोन तास थांबाल? मी वाकटी काढून दाखवते."

"काय काढून?"

"ती चंदेरी रेघ. कशी येते ते मला ठाऊक हाय."

नलू भट्टीपाशी गेली. बायडीच्या हातातला ट्रे तिनं घेतला, शटरपाशी गोणपाट अंथरलं आणि वाफाळता दाणा त्याच्यावर ओतला. मग उकिडवी बसून ती तो बोटांनी परतू लागली. बाहेर झिमझिम होती, ओला वारा शटरखालून येत होता. मॅडम तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर खोचला आणि त्याही बसल्या.

"हे तुम्ही कुठं शिकलात?"

"घरी. जवळा असा गार करतात. गरम भरला की नासतो."

मॅडमनीही दाण्यात बोटं घातली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या इंजिनियरांना हे सुचलं नसतं."

"मला सुचलं म्हनून तर झालं ना," नलू म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत बायकांनी डबे उघडले. पुष्पलतेनं भाकरीवर कोलंबीचं सुकं ठेवून मॅडमपुढं केलं. "खाता का? का बामन तुमी?"

"बामणच," उषा मॅडम म्हणाल्या. "द्या इकडं."

पुष्पलता इतकी हसली की तिला ठसका लागला. नलू मात्र जेवली नाही. ती दाणा परतत होती.

साडेबाराला तिनं तो उचलून मशीनमध्ये ओतला. रामकिसननं आधीचा दाणा संपू दिला. पहिल्या आठ-दहा बॉड्या कोऱ्या आल्या. अण्णा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिले. नलू टेबलाशी नव्हती, ती मशीनपाशीच उभी होती. नऊ वर्षांत तिनं कधी वाईट बॉडीची वाट पाहिली नव्हती. आज ती देवाला म्हणत होती, ये. एकदा ये.

अकरावी बॉडी तिनं गरम गरम हातात घेतली. उजेडात धरली. मनगट कलतं केलं.

रेघ पळाली. देठापासून कडेपर्यंत, लांब, लखलखीत.

"ही घ्या," ती म्हणाली, आणि मॅडमच्या हातात बॉडी दिली.

त्यानंतरच्या सगळ्या तशाच आल्या. मग बायडीनं पट्ट्या सारख्या करून भट्टीतला गरम ट्रे ओतला, थोड्या वेळानं रेघ विरळ झाली आणि नाहीशी झाली. उषा मॅडमनी दोन्ही वेळा घड्याळ पाहून वहीत टिपलं. मग त्या बाहेर गेल्या आणि टेम्पोवाल्याला काहीतरी म्हणाल्या. फळी वर चढल्याचा आवाज आला. रामकिसननं मशीनला हात टेकून डोळे मिटले.

अण्णांच्या खोलीत मॅडमनी कागद काढला. छापील होता. कारण लिहायची एक जागा, उपाय लिहायची एक.

"कारण लिहिलं," त्या म्हणाल्या. "उपायामध्ये दाणा गरमच भरायचा, भट्टीवर पाटी लावायची, हे लिहिते. पण आमच्याकडं आणखी विचारतात, संबंधित कामगारावर काय कारवाई केली. ती ओळ रिकामी ठेवली तर कागद परत येतो."

अण्णांनी गाल खाजवला. "भट्टीवर बायडी आहे. तिला काय, दुसरीकडं..."

"तिचं नाव नको," दारात उभी असलेली नलू म्हणाली. "तिला मी सांगितलं होतं. तिनं ऐकलं एवढंच."

"अगो, नुसतं कागदावर लिवायचं हाय."

"कागदावर पन नको. नवं मानूस. कागद राहतो, अण्णा. उद्या दुसरं काय झालं की तोच काढतील."

नलू आत आली आणि मॅडमसमोर उभी राहिली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "लिवा. नलिनी कमलाकांत मेहेर. तपासनीवरून काढून भट्टीवर ठेवली."

"नलूबाय, नऊ वर्षं तू त्या टेबलावर..." अण्णा म्हणाले.

"मंग भट्टी काय परक्याची हाय?" नलू म्हणाली. "आनि गरम उचलायचं काम हाय. माझे हात जुने हायेत. बायडीला टेबलावर घ्या. बोटं बारीक हायेत तिची, परतताना बघितलीत मी."

उषा मॅडम पेन हातात धरून तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी लिहिलं. सावकाश, स्वच्छ अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी कागद नलूकडं फिरवला. इंग्रजीत होता. नलूला त्यातलं आपलं नावही ओळखता आलं नाही, तरी ती बघत राहिली.

"कुठं हाय मी?"

मॅडमनी बोट ठेवलं. "इथं."

"बरं," नलू म्हणाली.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या टेम्पोनं आली. वाटेत पुष्पलता तिच्याशी दुसरंच काहीतरी बोलत राहिली, बाजाराचं, पोराच्या शाळेचं. आत शिरल्यावर पुष्पलता टेबलाकडं वळली आणि नलू भट्टीकडं.

खिडकीपाशी बायडी खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. तिनं मनगटावरच्या पट्ट्या सोडून आणल्या होत्या. त्या तिनं नलूच्या हातात दिल्या. धुतलेल्या होत्या, घडी केलेल्या.

नलूनं त्या बांधल्या. भट्टीचं दार उघडलं, तशी धग तिच्या तोंडावर आली. तिनं सगळ्यात वरचा ट्रे ओढला. भट्टीपासून मशीनपर्यंत पंधरा पावलं होती. नऊ वर्षांत तिनं ती कधी मोजली नव्हती. ट्रे पोटाशी धरून, मान मागं करून, ती भरभर चालली. गोणपाटाच्या जागेवरून गेली, तिथं आता नुसती फरशी होती. लोखंडी पायरीवर चढली आणि दाणा ओतला. पत्र्यावर सर पडावी तसा आवाज करत तो आत गेला. तिनं झाकण लावलं.

खाली मशीनचं दार उघडलं. रामकिसननं पांढरी बॉडी काढली आणि टेबलाकडं सरकवली. झाकणावर तळहात ठेवून नलू तशीच उभी राहिली. झाकण हळूहळू तापत होतं. मागं ट्यूबखाली कुणीतरी बॉडी फिरवत असणार. तिनं मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं मागून एक क्रेट सरकल्याचा आवाज आला. लाल की निळा, ते तिला पाहायचं नव्हतं. ती पायरीवरून उतरली आणि दुसरा ट्रे आणायला गेली.